नव्वद नंबरचं तेल

गाडीबद्दल बोलणारे लोक भरपूर असतात. मायलेज किती, टायर कुठले, इंजिन ऑइल कधी बदललं, हे सगळं ते न विचारता सांगतात. पण "गिअरबॉक्समध्ये तेल कुठलं आहे?" असं विचारलं की समोरचा माणूस दोन सेकंद थांबतो आणि म्हणतो, "असेल की काहीतरी!" होस्टेलवर आमच्या विंगमध्ये मी हा प्रश्न घरी गाडी असलेल्या नऊ जणींना विचारून पाहिला. सात जणींना गिअरबॉक्सला वेगळं तेल लागतं हेच माहीत नव्हतं. उरलेल्या दोघी मेकॅनिकलच्या, त्यामुळे त्यांनी परीक्षेत लिहितो तसं "लुब्रिकेटिंग ऑइल" असं उत्तर दिलं. (मार्क अर्धा.)

यात त्यांचा काही दोष नाही. इंजिनातलं तेल आगीच्या शेजारी राहतं, काळं पडतं, जळतं, कमी होतं, म्हणून दर काही हजार किलोमीटरला त्याची आठवण ठेवावी लागते. गिअरबॉक्सचं तेल बंद डब्यात असतं. तिथे आग नाही, धूर नाही. ते वर्षानुवर्षं निमूटपणे काम करतं आणि घरातल्या कधीच तक्रार न करणाऱ्या माणसाचं जे होतं तेच त्याचं होतं.

आमच्या घरात मात्र २०२५ च्या दिवाळीत या तेलावरून चांगलाच वाद झाला. आजोबांकडे (आईचे वडील, कोल्हापूरला असतात) १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. रंग पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा. या गाडीचा दुसरा गिअर टाकताना "खर्रर्र" असा आवाज यायला लागला होता, आणि सकाळी गाडी थंड असली की तिसराही वाजायचा. मामाचं म्हणणं सरळ होतं. गिअरबॉक्स गेला, २०२६ मध्ये रजिस्ट्रेशन परत रिन्यू करायचं आहे, ते करू नका, गाडी भंगारात द्या. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्यामुळे आमच्या घरात हा वाद दर पाच वर्षांनी होतोच. पण या वेळी मामाने आणखी एक वाक्य जोडलं. "आणि बाबा, गिअर नीट पडत नाही म्हणजे तुमचा हातही आता पूर्वीचा राहिला नाही."

आजोबा गणिताचे शिक्षक होते. चुकीच्या विधानावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. पण या वाक्यावर ते गप्प बसले. नंतर मला कळलं की त्यांनी वर्षभरात गाडी पन्हाळ्याला नेलेलीच नाही, कारण चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यायची वेळ आली की गिअर पडत नाही, मागचे हॉर्न मारतात. आणि त्यांचीही समजूत झाली होती की दोष हाताचा आहे. म्हणून मला हे सगळं शोधून काढायचं होतं. दोष हाताचा की डब्याचा?

पद्मिनीची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण आपल्या बॅचने ती बहुतेक करून पिक्चरमध्येच पाहिली आहे. मूळ गाडी इटलीची, फियाट ११०० डी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती आपल्याकडे बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे याच गाड्या; वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांतली शेवटची रस्त्यावरून गेली. आमच्या गाडीचा गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या खाली आहे, डाव्या हाताने वरखाली करायचा. चार गिअर पुढचे. दुसरा, तिसरा, चौथा यांना सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे पहिला टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवायची, नाहीतर तो वाजणारच, तो आजार नव्हे. दुसरा वाजला तर मात्र विचार करायचा.

आता सिंक्रोमेश. थिअरीत याची आकृती मी तीनदा काढली आहे, पण कळली ती एसटी स्टँडवर. सुटलेल्या एसटीत चढायचं असेल तर आपण जागेवर उभं राहून पाय टाकत नाही. आधी तिच्याबरोबर चार पावलं धावतो, वेग जुळला की दांडा पकडतो. (हे करू नये, असं वॉर्डन मॅडमनी नोटीस बोर्डावर लावलेलं आहे.) गिअरबॉक्समध्ये तेच असतं. गिअरची चाकं आधीच एकमेकांत अडकलेली असतात. आपण दांडा सरकवतो तेव्हा हव्या त्या गिअरला मुख्य शाफ्टशी जोडत असतो. जोडायच्या क्षणी गिअर एका वेगाने फिरत असतो आणि शाफ्ट दुसऱ्या. दोघांचे दात तसेच भिडवले तर खर्रर्र. म्हणून मध्ये एक पितळी रिंग बसवलेली असते. तिचा आतला भाग निमुळता, आणि गिअरवर तसाच निमुळता पोलादी कोन. दांडा ढकलला की रिंग त्या कोनावर घट्ट बसते, घरात एकात एक घातलेल्या दोन वाट्या अडकतात ना, तशी. त्या घर्षणाने दोघांचा वेग एक होतो आणि मगच दात जुळतात. हे सगळं आपण क्लच दाबून सोडेपर्यंत.

नीट बघा, इथे गंमत आहे. रिंगचं काम घर्षणावर चालतं. आणि ती बुडालेली आहे तेलात! म्हणजे एकाच डब्यात एकाच तेलाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. दातांना सांगतो, घसरा. रिंगला सांगतो, घसरू नकोस. रिंगच्या आत बारीक आटे कोरलेले असतात ते यासाठीच, कोनावरची तेलाची साय कापून बाजूला सारायला. तेल फार जाड असलं तर ती साय वेळेत निघत नाही. तेल फार निसरडं असलं तर साय निघूनही रिंग पकडत नाही. दोन्हीकडून आवाज तोच येतो, आणि मग आपण हाताला दोष देतो.

म्हणून तेल निवडताना दोन गोष्टी बघायच्या, जाडी आणि त्यात घातलेलं रसायन. दोन्हींचे आकडे डब्यावर असतात आणि दोन्ही आकडे माणसाला फसवतात.

जाडीचा आकडा म्हणजे एसएई नंबर. गॅरेजमध्ये "नव्वद नंबर" म्हणतात तो हाच. इंजिन ऑइल चाळीस नंबर आणि गिअर ऑइल नव्वद नंबर, म्हणजे दुप्पटीहून जाड, असं वाटतं. तसं अजिबात नाही. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. बुटाचा नंबर आणि चष्म्याचा नंबर जितके एकमेकांचे, तितक्याच या दोन पट्ट्या एकमेकींच्या. १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर नव्वदचं गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच पातळ असतं. मूळच्या ऑस्टिन मिनी गाडीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकच तेल वाटून घ्यायचे. एकशेचाळीस नंबर मात्र खरोखर जाड, नव्वदपेक्षा बरंच. आणि "८०डब्ल्यू-९०" लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ थंडीत ते ऐंशीसारखं वागेल आणि तापल्यावर नव्वदसारखं. कोल्हापूरच्या थंडीत काय फरक पडतो, असं मला आधी वाटलं होतं. पण डिसेंबरच्या पहाटे हे तेल एका बाटलीत आणि एकशेचाळीस दुसऱ्या बाटलीत घेऊन दोन्ही आडव्या करा, उत्तर मिळेल. आपल्या लॅबमधल्या रेडवुड व्हिस्कोमीटरला (हो, तोच, ज्याची रीडिंग आपण सगळे सीनिअरच्या जर्नलमधून घेतो) प्रथमच माझ्या लेखी काही अर्थ आला.

दुसरा आकडा जीएल. अमेरिकन पेट्रोलिअम इन्स्टिट्यूटची ही वर्गवारी. जीएल-१ म्हणजे जवळजवळ साधं खनिज तेल. १, २, ३ आता वापरातून गेले. उरले ४ आणि ५. दुकानात मी जीएल-४ मागितलं तेव्हा दुकानदार हसले.

"ताई, चार जुनं झालं. आता पाच चालतंय. फोर-जी गेलं, फाइव्ह-जी आलं, तसंच."

इतकं सोपं, इतकं पटणारं आणि इतकं चुकीचं स्पष्टीकरण मी कॉलेजातही ऐकलेलं नाही. पाच हे चारचं पुढचं मॉडेल नाही. ते वेगळ्या जागेचं तेल आहे. मागच्या ॲक्सलवर जो डिफरन्शियल असतो, त्यातले गिअर बहुतेक करून हायपॉइड असतात, म्हणजे छोटा पिनिअन मोठ्या क्राउन व्हीलच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेला. त्यामुळे तिथे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जोराने घासत सरकतात. तो दाब साधं तेल झेलू शकत नाही, ते बाजूला फेकलं जातं आणि धातूला धातू लागतो. म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दात जिथे घासून तापतात तिथे ही संयुगं पोलादाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. झिजायचं ते त्या थराने, दाताने नाही. जीएल-५ मध्ये हा मसाला जीएल-४ च्या ढोबळमानाने दुप्पट असतो. डिफरन्शियलला तो हवाच. पण पितळी रिंगला? एक तर तेल जास्त निसरडं, आणि दुसरं म्हणजे गंधक आणि तांबं यांचं जुनं वैर. पितळेत तांबंच जास्त.

हे वैर खरं किती, ते बघायचं ठरवलं. दुकानदारांनी मागच्या फळीवरून शोधून जीएल-४ चा एक लिटरचा डबा काढला, जीएल-५ समोरच होता. दोन्ही घेतले. लॅबच्या सरांनी परवानगी दिली ("आग लावू नका" एवढ्याच अटीवर) आणि मी दोन टेस्ट ट्यूबमध्ये दोन तेलं घेऊन प्रत्येकीत पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी सोडली. उकळत्या पाण्यात तीन तास. याची रीतसर चाचणी आहे, एएसटीएमची, गिअर ऑइलसाठी ती १२१ अंशांना करतात आणि पट्टीच्या रंगावरून १ ते ४ असा शेरा देतात. १ म्हणजे किंचित डाग, ४ म्हणजे गंज. जीएल-५ ला ३ पर्यंत चालतो, म्हणजे पट्टी चांगली काळपट पडली तरी पास!

माझ्या पट्ट्यांचं काय झालं? जीएल-४ मधली जवळजवळ होती तशीच. जीएल-५ मधली नारिंगी-तपकिरी झाली, पण काळीठिक्कर वगैरे नाही. मला थोडी निराशाच झाली, खरं सांगायचं तर. मी एखादा भीषण पुरावा मिळेल म्हणून बसले होते. पण सरांनी समजावलं की हल्लीच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत गंधकाची संयुगं पूर्वीइतकी उतावळी नसतात, तापमान फार वाढल्याशिवाय ती धातूला हात लावत नाहीत. म्हणजे "जीएल-५ घातलं की पितळ खाल्लंच" ही भीती आजच्या तेलांपुरती जरा फुगवलेली आहे. निसरडेपणाचा मुद्दा मात्र तसाच राहतो, आणि तो टेस्ट ट्यूबमध्ये दिसत नाही, दांड्यावर कळतो.

आता प्रश्न, आजोबांच्या गाडीत आहे काय? आजोबांची गाडीची वही आहे. १९८६ पासून प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक पंक्चर त्यात तारखेसह लिहिलेलं. त्यात २०१९ ची नोंद सापडली. पुण्याहून येताना हायवेवरच्या एका गॅरेजात थांबले होते, तिथे "गिअर तेल बदलले. १४० नं." आणि त्यानंतर चार पानांनी, पहिल्यांदाच, "२ रा गिअर सकाळी कुरकुरतो."

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे आजोबा पूर्वीपासून जातात, त्यांच्याकडे गाडी घेऊन गेले. त्यांच्याकडे खड्डा आहे, त्यामुळे गाडी जॅकवर चढवावी लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण तेलाची पातळी बघायची तर गाडी सपाट उभी हवी. पुढून उचललेल्या गाडीत पातळी काहीच्या काही दिसते.

"सरांची नात व्हय? इंजिनिअर?" मिस्त्री म्हणाले. "अजून दोन वर्षं आहेत," मी. "मग काय टाकायचं म्हणता?" मी डबा दाखवला. त्यांनी तो हलवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "पातळ हाय ओ ताई. एकशेचाळीस टाका, आवाज बंद होतोय बघा."

हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जाड तेलाने आवाज खरंच कमी होतो, पण तो झिजलेल्या दातांचा घूं-घूं असा चालू गाडीतला आवाज. गाडी विकायच्या आधी जाड तेल घालायची युक्ती जुनी आहे, आणि काही महाभाग तर त्यात लाकडाचा भुसासुद्धा घालायचे म्हणे. आमची तक्रार गिअर पडताना होणाऱ्या आवाजाची होती. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही एकदा गाडी चालवून बघा. थंड असताना आणि तापल्यावर." ते चालवायला बसले, मी शेजारी. थंड गाडीत त्यांच्याही हातून दुसरा वाजला. तिसराही वाजला. चाळीस वर्षं याच गाड्यांत घालवलेल्या माणसाच्या हातून! रंकाळ्याला चक्कर मारून गाडी तापली तेव्हा तिसरा गप्प झाला, दुसरा वाजतच राहिला. परत येताना ते म्हणाले, "तिसऱ्याचं तेल हाय, दुसऱ्याची रिंग हाय." मी तीन रात्री पुस्तकं वाचून जिथे पोचले होते, तिथे ते सहा किलोमीटरमध्ये पोचले. थंडीत वाजतो आणि तापल्यावर थांबतो तो जाड तेलाचा दोष. तापल्यावरही वाजतो तो झिजेचा. मग त्यांनी डबा पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "चला, उतरा खड्ड्यात."

खड्ड्यात मीच उतरले. गाडी तापलेली असतानाच तेल काढायचं, म्हणजे ते पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मी खालच्या ड्रेन नटाला पाना लावला तसे मिस्त्री वरून ओरडले.

"आधी बाजूचा! भरायचा नट आधी!"

"का?"

"तो जाम निघाला तर? तेल सोडून दिलं, भरणार कुठनं? गाडी इथंच मुक्कामाला ऱ्हातीय मग."

हे वाक्य आमच्या एकाही पुस्तकात नाही. असायला हवं, पहिल्या पानावर. आणि तो नट खरोखरच जाम होता. रॉकेल लावलं, थांबलो, हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके दिले, पुन्हा थांबलो. अर्ध्या तासाने कुईं करून सुटला. मग खालचा उघडला आणि घमेल्यात तेल यायला लागलं. गरम असूनही काकवीसारखं, लांबलचक तार धरत. काळंकुट्ट. वास जळक्या लसणाचा. धार संपल्यावरही थेंब थांबेनात, म्हणून चहा घेतला.

चहानंतर घमेलं उन्हात नेलं. तेल हळूच ढवळलं आणि त्यात सोनेरी चकाकी दिसली, मिठाईवरच्या वर्खासारखी. मी चुंबक फिरवला. त्याला राखाडी, लोण्यासारखा बारीक कीस चिकटला. तो पोलादाचा, आणि इतक्या वर्षांत तेवढा निघायचाच. दाताचा तुकडा एकही नव्हता, त्यामुळे मामाचा "गिअरबॉक्स गेला" हा निकाल तिथेच रद्द झाला. सोनेरी कण मात्र चुंबकाकडे ढुंकूनही बघेनात. पितळ. दुसऱ्या गिअरची रिंग घमेल्यात उतरली होती.

आजोबा तोपर्यंत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते, म्हणजे वाचत असल्याचं दाखवत होते. मी घमेलं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं, आणि स्वतःच्या डाव्या हाताची बोटं एकदा मिटून उघडली. बोलले काहीच नाहीत.

ड्रेन नटाखाली तांब्याचा वायसर असतो. मिस्त्रींनी जुनाच वायसर गॅसवर लाल केला आणि पाण्यात टाकला. पोलाद असं केलं तर कडक होतं. तांबं उलट मऊ होतं आणि पुन्हा नीट दाबून बसतं. (व्हायव्हात विचारतात हे. लक्षात ठेवा.) मग भरणं. भरायचा नट गिअरबॉक्सच्या कुशीत असतो, तिथे नरसाळं लागत नाही, म्हणून गॅरेजमध्ये पितळी पिचकारी असते, अगदी रंगपंचमीसारखी. ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. भोकाच्या काठापर्यंत आलं की तेल परत बाहेर यायला लागतं. ती धार थेंबांवर आली की नट लावायचा. त्याहून जास्त भरण्यात काही शहाणपणा नाही. जादा तेल सील ओलांडून पुढे क्लचप्लेटवर जाऊ शकतं, आणि तेल लागलेली क्लचप्लेट म्हणजे नवा खर्च.

काढलेलं तेल मिस्त्रींच्या पिंपात गेलं, ते जुनं तेल घेणाऱ्याला देतात. गटारात सोडलं असतं तर थेट पंचगंगेत. आजोबा सांगतात की पूर्वी त्यांच्या गावी बैलगाडीच्या आखाला घालायला एरंडेल वापरायचे आणि त्याला वंगण म्हणायचे. मी कॉन्व्हेंटची, मला वंगण हा शब्द लुब्रिकंटचं सरकारी भाषांतर वाटायचा. तो आखाचा शब्द आहे हे त्या दिवशी कळलं.

परिणाम सांगते, आहे तसा. जुन्या तेलावर सकाळच्या थंड गाडीत मी दुसरा दहा वेळा टाकला होता, सात वेळा वाजला. तिसरा दहात चार वेळा. नव्या तेलावर, दुसऱ्या दिवशी पहाटे, तिसरा एकदाही नाही. दुसरा तीनदा. गाडी तापल्यावर दुसरा घाईने टाकला तर अजूनही वाजतो. झिजलेलं पितळ कुठलंही तेल परत आणून देत नाही, आणि डब्यावर काहीही छापलेलं असो, यावर विश्वास ठेवू नये. मिस्त्री जुन्या टॅक्सीच्या गिअरबॉक्समधली बरी रिंग मिळते का ते बघत आहेत. तोपर्यंत त्यांनी उपाय सांगितला. वर जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून किंचित रेस द्यायची, परत क्लच, मग दुसरा. म्हणजे डबल क्लच. रिंगचं काम आपण करायचं.

"हे तर मी नवी गाडी असतानाही करायचो," आजोबा म्हणाले. "तुझ्या आजीला आवाज आवडायचा नाही."

पुढच्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. मामा मागे बसला होता, हाताची घडी घालून. वाघबिळाच्या पुढे चढ लागला, समोर उसाचा ट्रॅक्टर आला, आणि आजोबांनी तिसऱ्यातून न्यूट्रल, थोडी रेस, दुसरा असं इतक्या सावकाश केलं की मला वाटलं गाडी बंद पडणार. पडली नाही. वाजलाही नाही. मागून हॉर्न वाजला, तो वाजू दिला. मामा एवढंच म्हणाला, "सरकारी हिशेबात व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात. २०३६ पर्यंत ठेवणार आहात का?" आजोबांनी "बघू" म्हटलं. रजिस्ट्रेशनचा फॉर्म मी भरून ठेवला आहे, सही त्यांची व्हायची आहे.

माझ्याकडे जीएल-५ चा जवळजवळ भरलेला डबा उरला होता. तो वाया जायचं कारण नव्हतं, या गाडीच्या मागच्या ॲक्सलला तेच लागतं. मी आजोबांना विचारलं, डिफरन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं? त्यांनी वही काढली. २०१९ पर्यंत मागे गेले, मग २००८, मग १९९५. चष्मा पुसला. पुन्हा पुढून शोधायला सुरुवात केली.